चार मिलीमीटर

मामाची सायकल माझ्याकडे आली ती चाळ रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून. गिरगावात मुगभाटात त्याची चाळ, जिन्याखाली तिरक्या छताची एक जागा, तिथे पाण्याचं पिंप, कुणाचातरी मोडका पाळणा, गणपतीच्या मखराच्या पट्ट्या आणि सगळ्याच्या मागे जुन्या चादरीत गुंडाळलेली ही. खोल्या रिकाम्या करायची तारीख जवळ आली तेव्हा मामाचा फोन आला, "तुला हवी असेल तर आज ने, उद्या भंगारवाला येतोय." मी हाफ डे टाकून गेले. दोन्ही टायर चिरलेले, चेन गंजून काठीसारखी ताठ झालेली, ढकलतसुद्धा नेता येईना. टेम्पोत टाकून भांडुपला आणली आणि रात्री हॉलमध्ये पेपर पसरून त्यावर उभी केली. चादर काढली तर तो बाटलीहिरवा रंग धुळीखाली तसाच होता.

मामा जहाजावर होता, मर्चंट नेव्हीत, इंजिनरूममध्ये. १९८२ साली लिव्हरपूलला जहाज बरेच दिवस अडकलं होतं तेव्हा त्यानं ही रॅले तिथून घेतली आणि चाकं काढून केबिनमध्ये बंकखाली ठेवून मुंबईला आणली. आमच्या ओळखीच्या सगळ्या सायकली तेव्हा काळ्या, रॉडच्या ब्रेकच्या, मागे भलंमोठं कॅरिअर असलेल्या. दूधवाल्याची तीच, पाववाल्याची तीच, डबेवाल्यांची तीच. आणि ही बारीक नळ्यांची, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, मागे दात्यांच्या सहा चकत्या. चाळीतली मोठी मुलं मामाला विचारायची की मुंबई-पुणे सायकल रेसमध्ये घाटाचा राजा होतो त्याच्याकडे अशीच असते का, आणि मामा म्हणायचा, अशीच, फक्त पाय वेगळे असतात. मी सात-आठ वर्षांची असताना दांडीवर टॉवेलची घडी घालून त्यावर बसून रात्री जेवणानंतर चौपाटीपर्यंत जायचे. मला आठवतं ते मामाच्या श्वासाचं डोक्यावर लागणं आणि त्यानं पाय थांबवले की मागून येणारा तो बारीक टिकटिक आवाज.

सीटखालच्या नळीवर एक स्टिकर आहे, निम्मं उडालेलं, पण ५३१ एवढं वाचता येतं. रेनॉल्ड्स ५३१. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीनं १९३५ साली आणलेलं हे पोलाद, मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं. त्याची खुबी अशी की नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते, कारण ताण येतो तो जोडांपाशी, मध्ये उगाच वजन वाहण्यात अर्थ नाही. मधली जाडी एक मिलीमीटरसुद्धा भरत नाही. नखानं टिचकी मारली तर दांडी भांड्यासारखी वाजते, डबेवाल्याच्या सायकलची दांडी मारून बघा, ठप्प आवाज येतो. जॅग्वार ई-टाइप गाडीच्या पुढच्या सांगाड्यालाही हेच पोलाद होतं, हे मला नंतर कळलं आणि दोन दिवस मी ते ऑफिसमध्ये दिसेल त्याला सांगत होते.

सुरुवातीला मी ठरवलं होतं की हिच्यात काहीही बदलायचं नाही. ज्या रूपात मामानं आणली त्याच रूपात ठेवायची. तीन रविवार मी फक्त घासत होते. रॉकेल नाही म्हणून डिझेलमध्ये चेन भिजवली, ती काही सुटली नाही, नवी टाकली. क्रोमच्या रिम ब्रासोनं चमकवल्या, एकेक तार फडक्यानं पुसली, दोन चाकांच्या मिळून ७२ तारा होत्या. फ्रेमच्या आतून गंज लागू नये म्हणून सीटचा दांडा काढून आत बेलतेल ओतलं, म्हणजे दारं-खिडक्यांना लावतात ते उकळलेलं जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात मिळतं. ओतायचं आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची म्हणजे आतल्या भिंतीला पातळ थर बसतो, उरलेलं खालच्या भोकातून निथळू द्यायचं. दोन दिवस घरभर त्या तेलाचा वास होता. भांडुपला ही काळजी घ्यावीच लागते, हायवेपलीकडे मिठागरं आहेत, खाडी आहे, आमच्या खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात.

टायर हा पहिला अडथळा. चाकावर २७ इंच लिहिलेलं. दुकानदार म्हणाला २८ चा बसतो, सगळे तोच घालतात, मी घेऊन आले, हवा भरली आणि संध्याकाळी सोसायटीच्या गेटपाशी टायर रिमवरून निसटून ट्यूब फटाक्यासारखी फुटली. मग मोजमापाचा घोळ समजून घ्यायला बसले. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास २७ इंची चाकाला ६३० मिलीमीटर असतो. आपल्याकडच्या काळ्या सायकलींच्या २८ इंचीला तो ६३५ आहे. आणि आजच्या सगळ्या रोड बाइकना जे ७०० सी म्हणतात ते ६२२. म्हणजे ७०० सी हे २७ पेक्षा आठ मिलीमीटरनं लहान, त्रिज्येत चार. जुन्या सायकलीवर काम करायचं असेल तर इंचांवर विश्वास ठेवू नका, टायरच्या कडेला बारीक अक्षरात जो तीन आकडी नंबर असतो तोच खरा. २७ चे टायर शेवटी ऑनलाइन मागवले, यायला महिना लागला.

आणि मग चार महिने मी ती तशीच चालवली, मूळ रूपात. रविवारी पहाटे पाचला निघायचं, हायवेनं विक्रोळी, घाटकोपर, सायन, दादर टीटीवरून परळ, लालबाग, भायखळा, जेजेच्या पुलाखालून क्रॉफर्ड मार्केट आणि मरीन ड्राइव्ह. साधारण तीस किलोमीटर. त्या वेळी रस्त्यावर फक्त पेपरवाले आणि दुधाच्या गाड्या. ही सायकल काँक्रीटच्या सांध्यांवरून जाते तेव्हा हाताला जे जाणवतं ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही, धक्का येतो पण तो टोचत नाही, पुढचं चाक धरणारा चिमटा पुढे वाकवलेला आहे त्यामुळे तो किंचित दबतो आणि परत येतो.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मी पेडर रोडनं परत येत होते. केम्प्स कॉर्नरचा पूल ओलांडून पुढे चढ संपला की हाजी अलीपर्यंत सलग उतार आहे. खाली सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबले आणि काहीच झालं नाही. दोन्ही लिव्हर हँडलला टेकले, पॅड रिमवर बसलेले दिसत होते, पण चाकं फिरत होती. समोर बेस्टची बस उभी होती. मी उजवा बूट रस्त्यावर घासला, सायकल डावीकडे फुटपाथच्या कडेला घातली आणि बसच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबले. पाय इतके कापत होते की सिग्नल दोनदा सुटला तरी मी तिथेच उभी होते. मागून एक टॅक्सीवाला उतरून आला, पाणी दिलं, काही बोलला नाही.

क्रोमची स्टील रिम ओली झाली की हे होतं. गुळगुळीत क्रोमवर पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि रबर त्यावर घसरत राहतं, चाकाचे बरेच फेरे झाल्यावर कुठे पाणी पुसलं जातं आणि पकड येते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर असं होत नाही, निदान इतकं नाही. ज्या शहरात चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे क्रोमची रिम चमकवत बसणं म्हणजे काय, हे मला त्या बसच्या मागे कळलं.

आमच्या इथे स्टेशनकडे जाताना गल्लीत अण्णांचं दुकान आहे. दुकान म्हणजे शटरच्या आत चार फूट, बाकी सगळं काम फुटपाथवर. मूळचे सांगलीचे, तरुणपणी रेसिंग करायचे, गुडघ्याखाली अजून ती खूण आहे, चेनरिंगच्या, म्हणजे पेडलपाशी चेन फिरते त्या चकतीच्या, दात्यांची. त्यांनी सायकल बघितली, पुढचं चाक उचलून फिरवलं, हँडल हलवलं आणि म्हणाले, "ताई, नुसतं चाक बदलून भागणार नाय. चाक बदललं की ब्रेक बदलणार, ब्रेक बदलायचे तर हँडल काढायला लागणार, आणि हे हँडल काय सुखासुखी निघत नाय."

खरंच निघालं नाही. जुन्या सायकलींचा हँडलचा गुडघा, ज्याला स्टेम म्हणतात, तो चिमट्याच्या नळीत आत उतरलेला असतो आणि खाली एक पाचर त्याला आवळून धरते. स्टेम अ‍ॅल्युमिनियमचा, नळी पोलादाची, दोन वेगळे धातू, मध्ये खाऱ्या हवेतला ओलावा, आणि वीस-बावीस वर्षं जिन्याखाली. पांढरी भुकटी धरून दोन्ही एकजीव होतात. अण्णांनी बोल्ट सैल करून वर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारली, पाचर सुटली पण स्टेम हलला नाही. तीन दिवस गंज सोडवायचं तेल सोडत ठेवलं. चौथ्या दिवशी मी म्हटलं गरम करून बघू या का, तर म्हणाले, उलटं होईल, अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, आणखी आवळेल. मग समोरच्या मासळीवालीकडून प्लास्टिकच्या पिशवीभर बर्फ आणला, सुरमईचा वास येणारा, तो स्टेमभोवती गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरून बसलो. अ‍ॅल्युमिनियम जास्त आकसतं, केसाच्या जाडीहूनही कमी, पण तेलाला आत शिरायला तेवढी फट पुरते. अण्णांनी पुढचं चाक गुडघ्यांत धरलं, हँडल दोन्ही हातांनी पिरगळलं आणि करकर असा आवाज येऊन ते फिरलं. मी टाळ्या वाजवल्या, मासळीवालीनंही वळून बघितलं.

हँडलची टेप काढताना दुसरी गोष्ट झाली. वरची काळी टेप सोलली तर खाली कापडी टेपचा आणखी एक थर, पांढरा, पिवळट पडलेला, टोकाला दोऱ्यानं बांधलेला. तो दोरा मी ओळखला, मामा जहाजावरून आणायचा तो मेण लावलेला, आमच्या शाळेच्या दप्तरांना टाके घालायला वापरायचा. आणि स्टेममध्ये जिथे हँडलची नळी धरली जाते तिथून पत्र्याची एक पातळ पट्टी खाली पडली. अण्णांनी उचलून उजेडात धरली. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा होता, कात्रीनं नीट कापलेला, कडा घासून बोथट केलेल्या, एका बाजूला लाल रंग अजून होता. "हे हँडल या स्टेमचं नाय ताई. नळी बारीक होती म्हणून कुणीतरी पत्रा घालून बसवलंय. चांगलं बसवलंय पण."

म्हणजे हँडल मूळचं नव्हतंच. मी ती पट्टी पाकिटात ठेवली आणि त्या दिवशी घरी जाऊन बराच वेळ सायकलीकडे बघत राहिले, आणखी काय काय मामानं बदललं असेल ते शोधत.

चाकं घेतली ती ७०० सीची, अ‍ॅल्युमिनियम रिमची, मागे आठ गिअरची कॅसेट, म्हणजे आठ चकत्यांचा संच, बसेल अशा हबची. हब म्हणजे चाकाचा मधला तुंबा. आता दुसरे चार मिलीमीटर आले. जुन्या सहा गिअरच्या फ्रेममध्ये मागच्या दोन टोकांमधलं अंतर १२६ मिलीमीटर असतं, म्हणजे जिथे चाकाचा एक्सल बसतो तिथे. नवा हब १३० चा. हातानं फाकवून चाक घुसवता येतं, बरेच जण तसंच करतात, पण दर पंक्चरला कुस्ती करावी लागते आणि टोकं एकमेकांना समांतर राहत नाहीत. अण्णा म्हणाले, "फ्रेम उघडू या. लोखंड आहे, ऐकतं." अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमला हे करायचं नसतं, तडा जातो.

फुटपाथवर गोणपाट टाकून त्यावर फ्रेम आडवी केली. एका पोरानं पुढचा भाग दाबून धरला. अण्णांनी लाकडाची एक लांब रीप मध्ये घालून सीटच्या नळीला कापडाची घडी लावून टेकवली आणि डाव्या बाजूची नळी सावकाश वर ओढली. मला भीती होती की काहीतरी तुटल्याचा आवाज येईल, पण आवाज आलाच नाही. सोडल्यावर व्हर्नियरनं मोजलं, १२६ च. परत ओढलं, जास्त, परत सोडलं, १२६ आणि वर थोडंसं. "ओढलं की येतं, सोडलं की परत जातं. परत जाताना जे थोडं राहतं ना, तेवढंच आपलं." असं सात-आठ वेळा करून डावी बाजू दोन मिलीमीटर बाहेर आली, मग फ्रेम उलटी करून उजवी. मग दोरा काढला. मागच्या एका टोकाला बांधला, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून परत मागच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही बाजूंना दोरा आणि सीटची नळी यात किती अंतर राहतं ते मोजायचं, सारखं असलं की फ्रेम सरळ. डावीकडे २९, उजवीकडे २८. अण्णा अर्धा तास त्या एका मिलीमीटरसाठी बसून होते, मी म्हटलं चालेल अण्णा, तर माझ्याकडे बघितलंच नाही.

बाकीचं भराभर झालं. रिम लहान झाल्यामुळे ब्रेकचे पॅड चार मिलीमीटर खाली पोचायला हवेत, म्हणून लांब हातांचे टेक्ट्रो कंपनीचे ब्रेक घेतले, मागे नट लावायचा प्रकार मिळाला म्हणून फ्रेमला भोक पाडावं लागलं नाही. २७ च्या चाकासाठी केलेल्या फ्रेममध्ये जागा भरपूर, ३२ मिलीमीटरचे टायर आरामात बसले, त्यांत मी हवेचा दाब ६० पीएसआय ठेवते, पेव्हर ब्लॉकवरून जाताना दात वाजत नाहीत. पूर्वी सगळ्यात हलका गिअर पुढे ४२ दाते मागे २४ असा होता, आता मागे ३२ आहे. पेडर रोडच्या चढावर उभं राहून पेडल मारायची गरज पडत नाही, माझ्या वयाला हे मोलाचं आहे. आणि गिअरचे लिव्हर मात्र मूळ जागीच, खालच्या तिरक्या नळीवर, जुनेच. त्यात खटखट खाचा नाहीत, नुसत्या घर्षणावर थांबतात, म्हणून मागे सहा चकत्या असोत की आठ, त्यांना फरक पडत नाही, आपण कानानं ऐकून जुळवायचं. हात हँडलवरून काढून खाली न्यावा लागतो. मला ते आवडतं, मामाचा हात तसा खाली जायचा तो दांडीवर बसून मला दिसायचा.

सगळं झालं तरी मामाला सांगायचं धाडस होत नव्हतं. तो आता मुलुंडला मुलीकडे राहतो, गुडघ्यांतला जोर गेलाय, सायकल काय जिनासुद्धा नको म्हणतो. जुनी चाकं मी फेकली नव्हती, बाल्कनीत कापडात बांधून ठेवली होती, त्यानं विचारलंच तर परत बसवता येतील म्हणून. फ्रेम उघडलीये, आता ती नीट बसणार नाहीत, हे माहीत असूनसुद्धा. दिवाळीच्या आधीच्या रविवारी शेवटी गेले. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सायकल उभी केली आणि त्याला खाली बोलावलं.

तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि काही न बोलता बघत राहिला. मग पुढे वाकून मागचं चाक उचलायला लावलं, पेडल फिरवलं, सोडलं, टिकटिक ऐकली. ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. परत फिरवलं, परत दाबला.

मी म्हटलं, "मामा, तुझी चाकं ठेवलीयेत मी जपून."

"कुठली, ती स्टीलची?" तो म्हणाला. "ती कशाला ठेवलीस? ती माझी पण नव्हेत. मूळची अ‍ॅल्युमिनियमचीच होती, ८६ साली भायखळ्याला गटाराच्या झाकणात पुढचं चाक गेलं, आठ झाला त्याचा. पुढच्या फेरीला कार्डिफला एका म्हाताऱ्याकडे ती जोडी मिळाली सेकंडहँड. स्वस्तात होती म्हणून घेतली. पावसात अजिबात थांबायची नाहीत. मी तर जून ते सप्टेंबर चालवायचोच नाही."

मी पाकिटातून ती पत्र्याची पट्टी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटसुलट केली, अंगठ्यानं कड चाचपली, आणि म्हणाला, "घासलीये बघ नीट. हात कापू नये म्हणून." मग खिशात टाकली.

सीटवरून मात्र आमचं थोडं वाजलं. ब्रूक्सची कातडी सीट, तांब्याच्या रिवेटांची, ती अजून तीच आहे आणि ती मूळची, त्यानंच सांगितलं. कातडं बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेतं, मामाच्या बसण्याचे दोन खोलगट भाग तिच्यावर स्पष्ट दिसतात, आणि मला वीस किलोमीटरनंतर ते बोचतात. तो म्हणाला बदल, मी म्हटलं नाही. तो म्हणाला, "माझ्या मापाची झालीये ती, तुला कशी होईल? सायकल चालवायची आहे ना तुला?" मी म्हटलं बघते. अजून बघतेच आहे, एक कमी बोचणारी सीट बघून ठेवलीये, पैसेही काढून ठेवलेत.

निघताना मी हेल्मेट घालत होते तर तो खुर्चीतून उठला, भिंतीचा आधार घेत सायकलच्या समोर येऊन उभा राहिला, एक डोळा मिटून वरून बघितलं.

"हँडल डावीकडे आहे जरासं."

मला काहीच दिसत नव्हतं. अण्णांनी बसवलेलं, दोऱ्यानं मोजून फ्रेम करणाऱ्या माणसानं. मी म्हटलं ठीक आहे रे मामा, पण तोवर त्यानं पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं होतं, त्या दुखऱ्या गुडघ्यांत, आणि मला बोल्ट सैल करायला सांगितला. हँडलची दोन्ही टोकं पकडून त्यानं इतकंसं, दिसेल न दिसेल इतकंसं उजवीकडे वळवलं, परत एक डोळा मिटून बघितलं.

"हां. आता आवळ."

मी सहाची एलन की लावली आणि आवळलं.